हेफ्ट आणि चांदीचा माळ

परदेशातून येताना लोक चॉकलेटं आणतात, मी एक शब्द घेऊन आले. चॉकलेटंही आणली होती, नाही असं नाही, पण ती भोरच्या आमच्या आळीत दोन दिवसांत फस्त झाली. शब्द काही संपेना. तो डोक्यात घेऊनच मी करंज्या तळल्या, चकल्या पाडल्या, आणि दिवाळी आटोपल्यावर उठून वेल्ह्याच्या डोंगरात गेले. "गुडघे धरून जिना उतरतेस आणि डोंगर कसला चढतेस?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. एका शब्दाचा अर्थ बघायचाय म्हटल्यावर त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. बँकेतून निवृत्त झालेल्या बायकोचं काही खरं नाही, असं त्या पेपरमागून ऐकू आलं.

आधी थोडं तिकडचं

माझी लेक स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात राहते. तिच्या बाळंतपणाला गेले होते. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची टाळू भरणं, सगळं यथासांग झाल्यावर जावई म्हणाले, "आई, तुम्ही घराबाहेर काही बघितलंच नाहीत." आणि एका रविवारी ते मला त्यांच्या ओळखीच्या मोरागबाईंच्या शेतावर घेऊन गेले.

मोरागबाई सत्तरीच्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, वाऱ्यानं तांबडे झालेले गाल, आणि बोलणं असं भरभर की त्यांचं निम्मं इंग्रजी मला कळत होतं आणि निम्मं जावई सांगत होते. घरामागं उघडा डोंगर. झाड नाही, कुंपण नाही, राखणदार नाही, आणि अख्ख्या डोंगरभर मेंढरं. चहा पिताना मी बघत होते. चरत चरत एक मेंढी उतारावर आली, थांबली आणि परत वळली. मागून दुसरी आली, तीही तिथंच थांबली आणि वळली. पलीकडं गवत तेच, हिरवंगार. अडवायला तर काहीच नव्हतं.

मी विचारलं, "ही पळून जात नाहीत?"

मोरागबाई म्हणाल्या, "जातील कशाला? ती हेफ्टेड आहेत."

तर हा तो शब्द. हेफ्ट. तिकडच्या बोलीतला जुना शब्द. मेंढरू ज्या डोंगराच्या तुकड्याला जडलेलं असतं तो त्याचा हेफ्ट. हद्द कुठं संपते ते आई कोकराला दाखवते. ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला दाखवतं. पूर्वी नवा कळप आणला की धनगर त्याच्यामागं पावसाथंडीत रोज डोंगरावर उभा राहायचा, हद्द ओलांडली की परतवायचा, आणि कळप तिथला होईपर्यंत त्याची सुटका नसायची. एकदा झाला की झाला. शेत कसणारं कुळ बदललं तरी मेंढरं डोंगर सोडून जायची नाहीत. जुना माणूस चंबूगबाळं उचलून जायचा आणि येणाऱ्यानं शेताबरोबर मेंढरंही घ्यायची, अशी रीतच होती. मध्यंतरी रोग आला आणि कळपच्या कळप मारावे लागले. मग नवी मेंढरं आणली तर त्यांना कुठं थांबायचं ते सांगायला म्हातारी मेंढीच उरली नव्हती. हे सांगताना मोरागबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"माणसांनाही म्हणतात का हो असं?" मी विचारलं.

"पूर्वीपासून. एखाद्या जागी मुरलेल्या माणसाला म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडं उत्तरेला मालकांनी मेंढरांसाठी माणसं डोंगरावरून उठवली होती. मेंढरांचा हेफ्ट बघितला, माणसांचा कुणी बघितला नाही."

आपल्याकडं या हेफ्टला काय म्हणत असतील? हे विचारायचं तर मला एकच माणूस माहीत होतं, ती सगुणाबाई.

भोरहून पालीकडं

सगुणाबाई म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरातली धनगरीण. माझ्या लग्नापासून ती आमच्या दारी तूप घेऊन येते. तिचं तूप रवाळ, आणि तिची जीभ माझ्याइतकीच तिखट, त्यामुळं आमचं छान जमतं. गेल्या वर्षी तिनं सांगितलं होतं की डोंगराला भेग पडली, सरकारी माणसं बघून गेली, आणि पावसाळ्याआधी सगुणाबाईच्या घरच्यांना कारवीच्या माळावरचं घर सोडून खाली उतरायला लागलं. आता राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं घर आहे.

वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणायचं. एसटीच्या कंडक्टरनंही तसंच म्हणायचं ठरवलं असावं, पण मार्गासनी सोडल्यावर घाईत तोही "वेल्हे, वेल्हे" ओरडायला लागला. बाहेर भाताची कापणी उरकलेली, खाचरांत पेंढ्या पडलेल्या. खिडकीतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता, आणि समोर राजगड एवढा मोठा की मान वाकडी करून वर बघायला लागत होतं. भोरला आयुष्य गेलं तरी तो दिसला की माझं बोलणं बंद होतं. हे म्हणतात, म्हणूनच त्यांना राजगड आवडतो.

घरी पोचले तर दारात सगुणाबाईचा नवरा, कोंडिबा. डोक्याला पांढरं पागोटं, हातात काठी, आणि नजर डोंगराकडं. राम राम झाला, पण मला बसायलाही सांगायचं त्यांना सुचेना. आतून सगुणाबाई आली आणि पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाली, "ताई, बरं झालं आलासा. पर आज आमचं चित्त थाऱ्यावर न्हाई. चांदी गेली वर."

चांदी म्हणजे त्यांची सगळ्यात जुनी गाय. गाभण, अगदी आज-उद्यावर आलेली. दुपारी दावं तोडून निघाली ती थेट कारवीच्या माळावर गेली असणार. याआधीही कितीदा गेली होती आणि कितीदा आणली होती. पण आता ती विणार होती आणि वर बिबट्या फिरत होता.

"मग जायचं ना शोधायला?" मी म्हटलं.

"सांजच्याला न्हाई जाता येत त्या वाटंनं. उजाडलं की जाती," सगुणाबाई म्हणाली.

जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याचं कालवण आणि वरून तुपाची धार. आमच्याकडं तूप वाढताना चमचा लागतो, इथं वाटी कलती करतात. पण कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी मोरागबाईंच्या मेंढरांची गोष्ट सांगितली. कोंडिबांनी घास हातातच धरून ती ऐकली.

"कुंपन न्हाई म्हंता?"

"नाही."

"आन् आय लेकराला दाखिवती?"

"हो."

"आक्षी बराबर," ते म्हणाले. "साता समिंदरापल्याडबी जनावर त्येच की ओ."

"तुमच्यात काय म्हणतात याला?"

कोंडिबांनी सगुणाबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "आमी न्हाई बा काय म्हनत. चांदीचा माळ हाय, येवढंच म्हनतो. आमचा न्हाई, तिचा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खाली उतरायच्या वेळी त्यांचा मुलगा, जो हायवेला एका कंपनीत कामाला आहे, तो टेम्पो आणायला तयार होता. कोंडिबांनी ऐकलं नाही. धनगरानं आपली गुरं टेम्पोत कोंबून न्यायची? चार गावांनी तोंडात शेण घातलं असतं. गळ्यात घंटा बांधून, शिंगं रंगवून, पायी पायी त्यांनी कळप खाली आणला. रस्त्यानं लोक बघायला उभे राहिले होते म्हणे.

"टेम्पोत घातली आसती तर वाट कळली नसती त्यांला," कोंडिबा म्हणाले. "म्या येडा. म्याच वाट दाखिवली."

आणि गुरं त्या वाटेनं परत जायला लागली. भर पावसाळ्यात चांदीची लेक, आधीच्या वेताची तांबडी कालवड, अशीच वर गेली. त्याच रात्री भेगेचा कडा सुटला. कालवड मातीखाली गेली. ती सापडलीसुद्धा नाही. सगुणाबाई हे सांगताना रडली नाही, पण भाकरी मोडून मोडून तिनं ताटात नुसता चुरा केला होता. मला शब्दाच्या मागं आल्याची लाज वाटली.

वाट

उजाडता उजाडता निघालो. मी येते म्हटल्यावर सगुणाबाईनं माझ्या पायांकडं बघितलं. लेकीनं तिकडून घेऊन दिलेले महागाचे बूट होते. "ह्ये टिकत्याल का?" तिनं विचारलं. टिकले नाहीत. पहिल्याच घळीत उजव्या बुटाचा तळ सुटला आणि मगरीसारखा आ वासून चालायला लागला. तिनं कनवटीची सुतळी काढून करकचून बांधला आणि हसत म्हणाली, "इलायतीला आपली सुतळीच लागली शेवटी."

मी विचारलं, "कोंडिबा का नाही आले?"

"गुरं राखाया नगंत? येक गेली की बाकीच्यांच्या माना वर हुत्यात." थोडं चढून गेल्यावर ती थांबली. "खरं सांगू का ताई? मीच येऊ देत न्हाई. मागं गेलं व्हतं गाय आनाया. गाय आली खाली, ह्ये न्हाई आलं. जुन्या घराच्या जोत्यावर जाऊन बसलं. म्याच जाऊन हाताला धरून आनलं. आता परत गेलं तर यायाचं न्हाईत. आन् कडा काय येकदाच सुटतो व्हय?"

वाट म्हणजे खालच्या गावांच्या गुरांच्या खुरांनी दगडात पाडलेली पन्हळ. किती पिढ्यांची खुरं लागली असतील, तेव्हा काळा कातळ असा झिजला! मी त्यात पाऊल ठेवलं तर ते बरोबर बसलं. सगुणाबाई मात्र खाली न बघता चालत होती. धुक्यात पुढं तिची नुसती पाठ दिसायची आणि तिची हाक यायची, "चांदेऽऽ! ये गं बाय!" हाक डोंगराला लागून परत यायची. मधे एका वळणावर तिनं वाकून ताजं शेण बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. शेजारीच पंजाचा ठसाही होता. दोघी भराभरा चढायला लागलो. माझे गुडघे दुखत होते हे मला त्या वेळी आठवलंही नाही.

माळ

वर पोचलो आणि धुकं पायाखाली राहिलं. सपाट माळ, कमरेएवढं पिवळं गवत, एका अंगाला तोरणा, दुसऱ्या अंगाला राजगड, आणि मधे नुसतं आभाळ. मी देवळातही इतकी गप्प उभी राहत नाही. माणसानं इथं संसार केला आणि मग हे सोडून पत्र्याच्या घरात जाऊन राहिला, आणि तरी शहाणा राहिला, याचंच मला नवल वाटलं.

माळाच्या कडेला डोंगराचा तुटलेला लचका, तांबडीलाल माती उघडी पडलेली. अलीकडं त्यांच्या घराचं जोतं. वासे, पत्रे, दारं, सगळं त्यांनी खाली नेलेलं, दगडांची नुसती चौकट उरलेली. आणि त्या चौकटीच्या गोठ्याकडच्या कोपऱ्यात चांदी उभी होती.

"चांदे!" सगुणाबाई धावली.

मी मागून गेले. चांदीच्या पायाशी वासरू होतं. पांढऱ्या कपाळाची कालवड, अंग अजून ओलसर, आई चाटत होती. कान हलत होते. जिवंत होती. सगुणाबाई मटकन खाली बसली आणि तिनं दोघींच्या अंगावरून हात फिरवला, पाय बघितले, कास बघितली, आणि मग पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. रडायला आम्हा बायकांना आमंत्रण लागत नाही.

डोळे पुसल्यावर तिनं मला दाखवलं. "बगा कुठं हुबी हाय."

"गोठ्यात."

"न्हवं, तिच्या जाग्याला. हितं तिचा खुटा व्हता. तिची आयबी हितंच बांधत व्हती सासूबाई. गोठ्यात येवढी गुरं, पर जागा जिची तिची."

ना भिंत, ना छप्पर, ना खुंटा, ना दावं. सगळीकडं गवत. बिबट्याच्या वासात, पोटात कळा येत असताना, ती एवढा डोंगर चढून आली होती आणि बरोब्बर आपल्या जागी उभी राहून व्याली होती. मोरागबाई इथं असत्या तर त्यांनी तिच्यासमोर टोपी काढली असती. मी नकळत हात जोडले. गाईला हात जोडायला आपल्याला लहानपणापासून शिकवतात, पण ते हात त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून जोडले.

कालवड पोटभर चीक प्याली. सगुणाबाईनं घाई केली नाही. मग डोक्याचा रुमाल सोडून तिनं कालवडीचे डोळे बांधले. उन्हाचं असेल, असं मला वाटलं. तिनं तिला मानेवर घेतलं, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात. "चला. लेकरू फुडं न्हेलं की आय मागनं येती," ती म्हणाली. खरंच, चांदी हंबरत मागून निघाली.

उतार

अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "द्या माझ्याकडं थोडा वेळ." सगुणाबाई दमली होती, तरी द्यायला तयार नव्हती. शेवटी दिलं. काय सांगू, बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाही मी इतकी भ्यायले नव्हते. गरम अंग, दुधाचा वास, आणि तिच्या छातीचे ठोके सरळ माझ्या मानेवर. मागून चांदीचा श्वास माझ्या कोपराला लागत होता. थोड्या वेळानं माझा दम संपला. बाजूला सपाट दगड बघून मी कालवडीला हळूच उभं करायला वाकले.

"पाय! आवो ताई, पाय नगा टेकवू!"

सगुणाबाई अशी ओरडली की मी दचकून कालवड छातीशी धरली.

तिनं ती माझ्याकडून काढून घेतली. "वाट पायात जाती," ती म्हणाली. "डोळं बांधलं तरी पायाला कळतं. माळ बगितलाय तिनं, वाट न्हाई बगितली. न्हाई बगू द्याची."

"पण आई तर बघतेच आहे. ती दाखवेल."

"आय म्हातारी हाय. पुढल्या पावसाच्या आत तिला घरापाशीच बांदून ठिवनार. हिला खालचं गवत, खालचंच पानी. तांबडीगत हिला मातीत न्हाई घालायची मला." ती चालायला लागली. चालता चालता पुढं बघून म्हणाली, "कुठंतरी तोडाया पायजेच की. मंग म्याच तोडती."

तिकडं धनगर पावसाथंडीत उभे राहून कळपाला डोंगर जडवत होते, आणि इथं ही बाई तीच गाठ आपल्या मानेवर घेऊन सोडवत चालली होती. कुठल्या शब्दात हे मावायचं? उरलेल्या उतारावर आम्ही कालवड आळीपाळीनं घेतली. ठेचकाळलो, घसरलो, एकदा मी चक्क बुडावर आपटले, पण हात वर धरून. पाय टेकू दिले नाहीत.

खाली पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कोंडिबा रस्त्यापर्यंत धावत आले. सगुणाबाईनं गोठ्यात नेऊन कालवडीला उतरवलं, रुमाल सोडला. कालवड चार पायांवर डुगडुगली, पत्र्याकडं बघितलं, आणि आईच्या कासेला जाऊन भिडली. चांदीनं मान वळवून एकदा डोंगराकडं हंबरडा फोडला. कालवड पितच राहिली.

कोंडिबा चांदीची पाठ थोपटत उभे होते. खूप वेळानं त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "काय गं, वरला झरा वाहतोय का?"

"आटला," सगुणाबाई म्हणाली.

त्यांचा विश्वास बसला नसावा. ते माझ्याकडं वळले. "व्हय ताई?"

माळावरून खाली निघायच्या आधी त्याच झऱ्यावर आम्ही दोघी ओंजळीनं पोटभर पाणी प्यायलो होतो. इतकं गार की दात ठणकले होते. सगुणाबाई माझ्याकडं बघत नव्हती. ती चांदीपुढं पेंढा टाकत होती.

"हो," मी म्हटलं. "पार कोरडा पडलाय."

कोंडिबांनी मान हलवली. "मंग आता वर काय ऱ्हायलंच न्हाई," ते म्हणाले, आणि दगड उचलून कालवडीचा खुंटा ठोकायला बसले.